कल्पना कुणाची, होकार कुणाचा: अंबडच्या एका पॅनेल कारखान्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतला हा कारखाना विजेची लो-टेन्शन पॅनेल, म्हणजे कमी दाबाची वीज वाटणारी पत्र्याची कपाटं, बनवतो. पत्रा पंचिंग, बेंडिंग, वेल्डिंग आणि पावडर कोटिंगमधून जातो, मग असेंब्ली, बसबार (वीज वाहून नेणाऱ्या धातूच्या पट्ट्या), वायरिंग, टेस्टिंग आणि शेवटी डिस्पॅच. सातपूर-अंबड पट्ट्यात स्विचगिअरचे, म्हणजे वीज चालू-बंद करणाऱ्या उपकरणांचे, मोठे कारखाने जुने, त्यामुळे त्यांच्या आजूबाजूला असे मध्यम आकाराचे पॅनेलवाले बरेच उभे राहिले. चांगला वायरमन थोड्या जास्त पगारासाठी रस्ता ओलांडून समोरच्या गेटातून आत जातो, ही इथली नेहमीची डोकेदुखी. कारखान्याची ओळख पटू नये म्हणून पुढचे आकडे ढोबळ ठेवलेत, काही तपशील बदललेत. मी तिथे बाहेरचा सल्लागार होतो.

कामावर तीनशेच्या आसपास माणसं. त्यातले ऐंशीएक कायम कामगार, त्यांची युनियन आणि तीन वर्षांचा करार. पन्नासेक स्टाफ, थोडे अप्रेंटिस, आणि उरलेले सगळे कंत्राटदारामार्फत आलेले. म्हणजे निम्म्याहून जास्त माणसं कंपनीच्या हजेरीपटावर नव्हतीच. वायरिंगमध्ये बहुतेक महिला. पत्र्याकडची आणि कोटिंगची हेल्पर मुलं पेठ, हरसूल, सुरगाण्याकडची, चुंचाळे-दत्तनगरात चौघांत एक खोली करून राहणारी.

मालक दुसऱ्या पिढीतले. ग्राहकांकडून दर कमी करण्याचा तगादा आणि डिलिव्हरीत उशीर, या दोन्हींवर उपाय म्हणून त्यांनी 'इनोव्हेशन कमिटी' नेमली होती. डिझाइन, प्रॉडक्शन, क्वालिटी, परचेस आणि एचआरचे प्रमुख, वर प्लँट हेड. टाइम ऑफिसशेजारी सूचना पेटी, पेटीची किल्ली एचआरकडे. सूचना मंजूर झाली तर पहिल्या वर्षीच्या बचतीचा ठरावीक टक्का बक्षीस. योजना फक्त कायम कामगार आणि स्टाफसाठी.

अडचण

वर्षभरात चाळीसेक सूचना आल्या. बहुतेक त्याच दहा-बारा जणांच्या, आणि ते सगळे स्टाफचे. कायम कामगारांकडून हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. वायरिंगमधून एकही नाही, कारण तिथल्या महिला योजनेतच नव्हत्या. पेटीत बाकी निघायचं ते कँटीनच्या डाळीबद्दल. प्लँट हेडचं निदान तयार होतं: "आपल्या लोकांना विचार करायची सवयच नाही."

हे निदान शॉपवर एक फेरी मारली तरी टिकत नव्हतं. वायरिंगच्या टेबलांखाली पुठ्ठ्याच्या पट्ट्या सापडल्या. वायरच्या टोकाला नंबराचा जो फेरूल घालतात, तो डिझाइनच्या यादीप्रमाणे चढत्या क्रमाने छापून यायचा. पण वायरिंग त्या क्रमाने होत नाही, टर्मिनलच्या, म्हणजे वायर जोडायच्या जागांच्या, ओळीप्रमाणे होते. दरवेळी ढिगातून नंबर शोधत बसण्यापेक्षा एका ताईंनी आदल्या दिवशीच ते टर्मिनलच्या क्रमाने पुठ्ठ्यात खोचून ठेवायला सुरुवात केली होती, मग बाकीच्यांनीही. बेंडिंगवर एक हेल्पर पत्र्याच्या कोपऱ्यावर खडूची खूण करून मगच पत्रा ऑपरेटरच्या हातात द्यायचा, म्हणजे वाक उलट्या बाजूला जात नसे. कोटिंगमध्ये अर्थिंगच्या स्टडच्या आट्यांत पावडर जाऊ नये म्हणून घालायच्या सिलिकॉनच्या टोप्या हरवायच्या, म्हणून एकाने त्या ठेवायला रिकामा रंगाचा डबा टांगला होता.

ग्राहकाचं ऑडिट आलं की ५-एसच्या, म्हणजे जागा नीटनेटकी ठेवायच्या जपानी पद्धतीच्या, नावाखाली आदल्या रात्री हे सगळं उचलून भंगारात जायचं. पुठ्ठे, डबा, सगळंच. ऑडिट संपलं की दोन दिवसांत पुन्हा नवीन तयार. कल्पना अशा तऱ्हेने वापरात होत्या, पण लपवून.

लपवण्याची कारणं विचारत गेलो तेव्हा सगळ्यात आधी फॉर्मचं नाव निघालं. तो इंग्रजीत, त्यात 'सध्याची स्थिती', 'प्रस्तावित स्थिती', 'वार्षिक बचत' असे रकाने. वार्षिक बचत हेल्परने कुठून काढायची? दुसरं कारण, उत्तर यायला लागणारा वेळ. कमिटी महिन्यातून एकदा बसायची, तीही डिस्पॅचचा ताण नसेल तर. साध्या तीन फुटी स्टँडची मागणी परचेसकडे तीन कोटेशनसाठी पडून असे.

खरं कारण तिसरं होतं. वेल्डिंगमधल्या एका जुन्या कारागिराने, सगळे त्यांना नाना म्हणतात, काही वर्षांपूर्वी फ्रेम पकडायचं एक फिक्स्चर बनवलं होतं. टाळ्या वाजल्या, फोटो निघाला. महिन्याभरात स्टॉपवॉच घेऊन माणूस उभा राहिला आणि पुढच्या करारात सगळ्या वेल्डरांचा नॉर्म, म्हणजे ठरलेल्या वेळात किती काम काढायचं तो आकडा, वाढला. नानांचं वाक्य शॉपवर म्हणीसारखं फिरत होतं: "फिक्स्चर माझं, नॉर्म सगळ्यांचा." ज्या माणसाच्या डोक्यातून कल्पना निघाली त्यालाच त्याच्या सोबत्यांनी बोल लावले होते. त्यानंतर कोण पेटीकडे जाणार?

समोरचे पर्याय

मालकांना एक मोबाइल ॲप आवडलं होतं. सूचना टाका, इतर लोक पसंती देतील, गुण मिळतील. ॲप वाईट नव्हतं, पण शॉपमध्ये मोबाइल आणायला ग्राहकाच्या गोपनीयतेच्या अटीमुळे बंदी होती. घरी जाऊन सूचना टाकायची, तर दत्तनगरच्या खोलीवर परतलेला मुलगा ते करेल ही आशाच चुकीची होती. हा पर्याय लवकर बाद झाला.

प्लँट हेडचा कल क्वालिटी सर्कलकडे. ते आधी जिथे होते तिथे सर्कल जोरात चालायची. जपानात १९६२ मध्ये काओरू इशिकावांच्या पुढाकाराने ही चळवळ सुरू झाली, आपल्याकडे ती भेल या सरकारी कंपनीच्या हैदराबाद कारखान्यातून आली आणि १९८२ मध्ये क्वालिटी सर्कल फोरम ऑफ इंडिया उभा राहिला. पद्धत पक्की आहे: सहा-आठ जणांचा गट, आठवड्याला तासभर, कारणांचा माशाच्या काट्यासारखा आराखडा, परेटो (सगळ्यात जास्त त्रास देणारी मोजकी कारणं निवडायचा तक्ता), मग उपाय. माझं मत मी तेव्हाही सांगितलं होतं. ज्या कारखान्यात लोक बोलायला तयार आहेत तिथे सर्कल उत्तम. जिथे बोललं की नॉर्म वाढतो तिथे सर्कल म्हणजे स्पर्धेसाठी स्लाइड बनवण्याचं काम होतं, आणि स्लाइड इंजिनिअर बनवतात. शिवाय कंत्राटी कामगारांना शिफ्टमध्ये तासभर बसवायचं तर त्या तासाचं बिल कुणाचं, हा प्रश्न होताच.

एचआरने बक्षिसाचा टक्का वाढवायला सुचवलं. पण टक्केवारीचे तंटे आधीच चालू होते. बचत किती, ती कुणामुळे, दुसऱ्या शिफ्टच्या माणसाने तेच आधी केलं होतं का. दहा टक्क्यांचे पंधरा केले असते तर भांडणं दीडपट झाली असती.

चौथा पर्याय दिसायला सगळ्यात किरकोळ होता: होकार देण्याचा अधिकार खाली आणायचा. लहान सूचनेला कमिटी नको, लाइन इन्चार्जने तिथल्या तिथे हो किंवा नाही म्हणायचं. शेवटी तो निवडला गेला. मात्र त्याआधी दोन गाठी सोडवाव्या लागल्या.

निर्णयाची पहिली जागा: नॉर्म

युनियनच्या अध्यक्षांनी स्पष्ट सांगितलं, "साहेब, लेखी द्या. तोंडी आश्वासनं नानांनाही मिळाली होती." मागणी अशी, की चालू कराराच्या मुदतीत कुठल्याही सूचनेमुळे वाचलेला वेळ नॉर्ममध्ये धरायचा नाही.

मालकांचा प्रश्नही रास्त होता: मग मला काय मिळालं? उत्तर शोधायला आम्ही रिवर्कची, म्हणजे चुकल्यामुळे पुन्हा कराव्या लागलेल्या कामाची, आणि उशिरा गेलेल्या पॅनेलची यादी काढली. उलट बाजूला वाकलेले दरवाजे, टेस्टिंगमध्ये परत आलेली वायरिंग, स्टडच्या आट्यांतून पावडर काढण्यात जाणारा वेळ. नॉर्मला हात न लावता इथे पैसा अडकलेला होता. दोन आठवड्यांच्या चर्चेनंतर मालकांनी एका पानाचं पत्र सही करून युनियनला दिलं आणि त्याची प्रत नोटीस बोर्डावर लावली. माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सर्वांत महाग आणि सर्वांत मोलाचा कागद हाच.

एक गोष्ट मात्र पत्रात आली नाही. रिवर्क कमी झालं की ओव्हरटाइमही कमी होतो. कायद्याप्रमाणे ओव्हरटाइमला दुप्पट दर मिळतो आणि बऱ्याच घरांचा हप्ता त्यावर चालतो. अध्यक्षांनी हा मुद्दा एकदा काढला, कुणी उत्तर दिलं नाही, आणि विषय तसाच राहिला.

निर्णयाची दुसरी जागा: कंत्राटी माणसाचं नाव

कायदेशीर सल्लागाराने इशारा दिला. कंत्राटी कामगाराला कंपनीने थेट बक्षीस दिलं, नावाचं प्रमाणपत्र दिलं, तर उद्या कंत्राट नावापुरतं आहे असा दावा करताना तोच कागद पुढे येईल. भीती निराधार नव्हती. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या स्टील ॲथॉरिटी प्रकरणातल्या निकालानंतर कंत्राट खरं की दिखाऊ हे औद्योगिक न्यायाधिकरण पुराव्यावरून तपासतं. पण तिथे कामावर नियंत्रण कुणाचं, पगार कोण देतं, कामावर घेणं-काढणं कुणाच्या हातात, हे सगळं बघितलं जातं. स्टीलच्या डब्यासारखं एखादं बक्षीस त्यात कितीसं वजन टाकणार? माझ्या मते सल्लागार गरजेपेक्षा जास्त सावध होते, पण मालकांना धोका नको होता.

कंत्राटदारामार्फत पैसे द्यावेत तर महिलांचा त्यावर विश्वास नव्हता. मग मध्यम मार्ग निघाला. वैयक्तिक रोख बक्षीस कुणालाच नाही, कायम कामगारांनाही नाही. सूचना लागू झाली की त्या पूर्ण विभागाला एक वस्तू: पंखा, पाण्याचा कूलर, बसायला बरी स्टुलं. बोर्डावर सुचवणाऱ्याचं नाव, मग तो कुणाच्याही हजेरीपटावर असो. प्रमाणपत्र कंत्राटदार देईल. फेरूलच्या पट्टीवाल्या ताई ते प्रमाणपत्र बघून म्हणाल्या, "याच्यावर कंपनीचं नावच नाही, दुसरीकडे कुणाला दाखवू?" या प्रश्नाला कुणाकडेही चांगलं उत्तर नव्हतं.

केलेली कृती

दिवाळीनंतर फक्त तीन विभागांत सुरुवात झाली: बेंडिंग, कोटिंग, वायरिंग. फॉर्म रद्द. आयटीआयचे चार अप्रेंटिस लिहून घ्यायला नेमले. आठवड्यातून दोनदा, शिफ्ट सुटायच्या पंधरा मिनिटं आधी, त्यांनी प्रत्येक टेबलावर जायचं. "काही सूचना आहे का?" असं विचारलं तर मान हलायची आणि विषय संपायचा. म्हणून प्रश्न बदलला: "आज कुठं अडलं?" याला लोक उत्तर देतात, कारण अडलेलं सांगायला हुशारी लागत नाही. अडलेलं सांगता सांगता निम्मे लोक आपण त्यावर काय करतो तेही सांगून जायचे.

पोरं वयाने लहान, कुणाचे साहेब नव्हेत, हे फायद्याचं ठरलं. मावशी, ताई म्हणत ती बसायची, आणि त्यांच्यासमोर सुपरवायझरची तक्रारही सहज निघायची. ती तक्रार लिहायची नाही, असा नियम पहिल्याच आठवड्यात करावा लागला.

विभागात एक बोर्ड, त्यावर तीन रकाने: सांगितलं, करून बघतोय, ठरलं. सात दिवसांत प्रत्येक ओळ पुढे सरकायलाच हवी, आणि 'नाही' लिहायचं तर कारणासकट. लाइन इन्चार्जला सूचनेमागे तीन हजारांपर्यंत खर्चाची मुभा, कोटेशनशिवाय. ज्याने सुचवलं त्यानेच पहिल्यांदा करून बघायचं, आणि त्यासाठी त्याला अर्धा तास मोकळा द्यायचा.

पहिल्या महिन्यात जुन्याच युक्त्या उजेडात आल्या. फेरूलची यादी आता डिझाइनमधूनच टर्मिनलच्या क्रमाने छापली जाऊ लागली. खर्च शून्य, फक्त कुणीतरी डिझाइनला सांगायला हवं होतं. बेंडिंगच्या हेल्परची खडूची खूण पंचिंगच्या प्रोग्रॅममध्ये गेली: पत्र्याच्या एका कोपऱ्याला छोटी खाच, वाकवल्यावर ती आत झाकली जाते. खाच डाव्या हाताला असेल तर पत्रा सुलटा, नसेल तर उलटा. शिगेओ शिंगोंनी १९६१ मध्ये स्विचच्या जुळणीत स्प्रिंग बसवायची राहून जाऊ नये म्हणून जी युक्ती काढली आणि जिला पुढे पोका-योके हे नाव पडलं, ती हीच जात. हेल्परने ते नाव कधी ऐकलेलं नव्हतं. इंजिनिअरांनी मात्र प्रशिक्षणात शिकलेलं होतं, तरी खाच त्यांना सुचली नव्हती. रोज पत्रा उचलणारा हात त्यांचा नव्हता.

अडथळे

दुसऱ्या महिन्यापासून बोर्डावरचा मधला रकाना तुंबला. टूल रूममध्ये दोनच फिटर, आणि त्यांच्यावर डाय दुरुस्तीचा भार आधीच होता. लोक स्टँड, हूक, स्टॉपर सांगत होते, पण बनवणार कोण? सात दिवसांची मुदत टूल रूमच्या दारात मोडायची. कल्पनांचा तुटवडा आहे असं सगळे धरून चालले होते. प्रत्यक्षात तुटवडा त्या बनवणाऱ्या हातांचा निघाला. तोडगा म्हणून भंगारातले पाइप-अँगल, एक जुनं ड्रिल मशीन आणि ग्राइंडर एका कोपऱ्यात मांडले. वेल्डिंगचं काम नाना दुपारच्या चहानंतर करून द्यायला तयार झाले. सेफ्टीवाल्यांचा ग्राइंडरला विरोध होता. गार्ड आणि चष्म्याची सक्ती, शिवाय प्रशिक्षण झालेल्यांची यादी, यावर तडजोड झाली.

एक सूचना सपशेल फसली. दरवाजे उभे ठेवायची उंच ट्रॉली बनली, आणि पहिल्याच वळणावर कोटिंग झालेले दरवाजे एकमेकांना घासून ओरखडे पडले. सुचवणारा मुलगा दोन दिवस कामावर आला नाही. इन्चार्जने बोर्डावर 'नाही, ट्रॉलीला खालून वजन कमी पडलं' एवढंच लिहिलं आणि त्याला परत बोलावून घेतलं. हे कुणी शिकवलं नव्हतं, त्या इन्चार्जची समज चांगली होती.

मोठा दणका वेगळ्याच दिशेने आला. नव्या ग्राहकाला कोटेशन देताना कॉस्टिंगच्या इंजिनिअरने बेंडिंगची वेळ ताजी केली. खाचेमुळे मोजमापाचा वेळ वाचतो, मग आकडा कमी. त्याच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. पण तोच आकडा प्लॅनिंगच्या सिस्टिममधून बेंडिंगच्या टार्गेट शीटवर छापून आला. सकाळी शीट लागली, दुपारी बेंडिंगचा बोर्ड कोरा होता. अक्षरशः कुणीतरी पुसला होता.

प्लँट हेडने आधी समजावून बघितलं, की हा फक्त कॉस्टिंगचा आकडा आहे. कुणी ऐकलं नाही. शेवटी जुना नॉर्म परत लावला, कॉस्टिंग आणि टार्गेट यांचे आकडे सिस्टिममध्ये वेगळे केले आणि मालक स्वतः बेंडिंगवर येऊन बोलले. तरी बेंडिंगमधून पुन्हा सूचना यायला पावसाळा उजाडला. आणि पावसाळ्यात भाताच्या आवणीसाठी पेठ-हरसूलची मुलं गावाकडे गेलेली, त्यामुळे तो बोर्ड आणखी महिनाभर सुस्तच राहिला.

परिणाम

पहिल्या सहा महिन्यांत तिन्ही विभागांत मिळून दीडशेच्या आसपास नोंदी झाल्या, त्यातल्या साठेक लागू झाल्या. निम्म्याहून जास्त नोंदी कंत्राटी माणसांच्या, सर्वाधिक वायरिंगमधून. उलट बाजूला वाकलेले दरवाजे आधी आठवड्याला दोन-तीन निघत, ते आता महिन्याला तेवढे. मालक एका बैठकीत बचतीचा मोठा आकडा सांगतात. तो मी इथे देत नाही, कारण त्याच काळात ऑर्डरींचं स्वरूप बदललं होतं आणि श्रेय वेगळं काढणं शक्य नाही.

आकड्यांत न दिसणारा फरक डिझाइन विभागात झाला. फेरूलच्या यादीनंतर डिझाइनची एक मुलगी दर आठवड्याला वायरिंगवर येऊन बसू लागली. ड्रॉइंगमध्ये चुका कमी झाल्या की नाही, कुणी मोजलं नाही. पण टर्मिनल कुठे ठेवला तर हात पोचत नाही, हे तिला आता ठाऊक आहे.

सुपरवायझर मात्र शेवटपर्यंत अर्धेच सोबत आले. "पोरं येऊन लिहून नेतात, मग आम्ही कशाला?" हा त्यांचा सूर होता आणि त्यात तथ्य होतं.

वेगळं काय करता आलं असतं

टूल रूमच्या दोघा फिटरांशी सुरुवातीलाच बोलायला हवं होतं. कारखान्यात कुठली वस्तू किती दिवसांत बनू शकते, हे फक्त त्यांना ठाऊक होतं.

नॉर्मचं पत्र फक्त युनियनकडे आणि बोर्डावर गेलं. कॉस्टिंग आणि प्लॅनिंगच्या टेबलावर ते पोचलंच नाही. असं आश्वासन मोडतं ते बहुधा कुणाच्या कपटाने नाही, सिस्टिममधल्या एका रकान्यामुळे. त्या दोन विभागांना पत्राच्या सहीत सामील करून घेतलं असतं तर बेंडिंगचे चार-पाच महिने वाचले असते.

अप्रेंटिसांच्या जोडीला सुपरवायझरला पहिल्या दिवसापासून काम द्यायला हवं होतं. लिहून घेणं पोरांकडे, करून बघायची सोय लावणं सुपरवायझरकडे, असं वाटप सहज शक्य होतं.

कंत्राटी महिलांच्या प्रमाणपत्राचा प्रश्न सुटलेला नाही. एक वाट अशी, की कंपनीने सूचनेसाठी बक्षीस न देता सर्व वायरिंगवाल्यांची कौशल्य चाचणी एखाद्या बाहेरच्या मान्यताप्राप्त संस्थेकडून करून घ्यावी आणि कागद त्या संस्थेचा मिळावा. सल्लागाराची हरकत त्याने टळते आणि ताईंना दुसरीकडे दाखवता येईल असं काही हातात पडतं. मालकांची अडचण इथे उघड आहे: असा कागद घेऊन ती समोरच्या कंपनीत जाईल. प्रस्ताव त्यांच्या टेबलावर आहे. नवा करार पुढच्या वर्षी आहे आणि युनियनने मागण्यांच्या मसुद्यात नॉर्मच्या पत्राला मुदतवाढ आणि ओव्हरटाइम घटल्यास भरपाई, अशी दोन कलमं आत्ताच घातली आहेत.